आजोबांची खुर्ची आणि पंधरा अंशांचं गणित

सुरुवातीलाच कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण ज्युनिअर केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीचा पेपर म्हणजे माझ्यासाठी तीन तासांची शिक्षा असायची. त्यामुळे मराठी विभागाची संपादिका (जी दुर्दैवाने माझी रूममेटही आहे) जेव्हा म्हणाली की "तूही एक लेख दे", तेव्हा मी हसून विषय टाळला. पण ती पिच्छा सोडणाऱ्यांतली नाही. "कविता नको, प्रवासवर्णन नको. त्या खुर्चीबद्दल लिही. शुद्धलेखन मी बघते," असं म्हणून तिने माझ्यासमोर कोरे कागद ठेवले. तेव्हा व्याकरणाच्या चुका तिच्या, आणि खुर्चीच्या चुका माझ्या!

हा लेख अस्सल लाकडातून (म्हणजे प्लायवूड किंवा पार्टिकल बोर्ड नव्हे) वाकडं आणि तिरकं फर्निचर कसं बनतं, त्याबद्दल आहे. आपण सगळ्यांनीच फर्स्ट इयरला कार्पेंट्री शॉपमध्ये लॅप जॉइंट केलाय. सरळ लाकूड, सरळ करवत, काटकोन, व्हायव्हा, सही, संपलं. त्या एका जॉइंटच्या जोरावर मला वाटलं की मला सुतारकाम येतं. तिथूनच घोटाळ्याला सुरुवात झाली.

दोन हात मोडले

माझे आजी-आजोबा मुलुंड पूर्वेला राहतात. आई-बाबा नाशिकला, मी इथे हॉस्टेलवर, त्यामुळे बहुतेक रविवारी मी मुलुंडला जेवायला असते. आजोबांची एक सागवानी खुर्ची आहे. पाठ आणि दोन्ही हात मिळून इंग्रजी 'यू' अक्षरासारखी एकच गोलाकार पट्टी. ती मागून वळून पुढे येते आणि तिचेच हात होतात. हाताखाली एकेक खांब आहे, पण तो अगदी पुढे नाही, सीटच्या मध्याजवळ आहे. पुढचं टोक मोकळं. आजोबा उठताना दोन्ही टोकांवर तळवे टेकतात आणि जोर देऊन उठतात.

गेल्या पावसाळ्यात उजव्या बाजूच्या वळणाचा सांधा सुटला. दिवाळीच्या सुट्टीत मी तो भाग काढून पाहिला. बघते तर काय, तो वळणाचा भाग एकसंध नव्हताच! छोटे छोटे तुकडे एकावर एक चिकटवलेले. मला वाटलं, करणाऱ्याने उरलेल्या लाकडात भागवलंय आणि आजोबांना फसवलंय. मी मोठ्या ऐटीत जाहीर केलं, "आजोबा, मी तुम्हाला एका अखंड तुकड्याचा हात करून देते. जोडच नाही तर सुटणार काय?"

पाच इंच रुंद, सोळा इंच लांब, दीड इंच जाडीची सागवानी फळी आणली. त्यावर पाव वर्तुळ आखलं, शॉपमधल्या सरांच्या परवानगीने बँड सॉवर कापलं, कानस आणि पॉलिशपेपर मारला, पॉलिश केलं. दिसायला एकदम झकास. सगळ्यांनी कौतुक केलं. आजीने तर शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

जानेवारीत एका संध्याकाळी आजीचा हॉस्टेलवर फोन आला.

"अगं, घाबरू नकोस. हात मोडलाय."

"कोणाचा? खुर्चीचा की आजोबांचा?"

"दोघांचाही."

दाराची बेल वाजली म्हणून आजोबा उठायला गेले, नेहमीसारखा जोर दिला, कडकन आवाज झाला आणि ते उजव्या कुशीवर पडले. मनगटाला फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर. मी पोचले तेव्हा ते प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. मला रागावले नाहीत. फक्त विचारलं, "लाकूड सागवानच होतं ना गं?"

होतं. तेच तर कळत नव्हतं. सागवान होतं, दीड इंच जाड होतं, गाठ नव्हती, कीड नव्हती, जोडही नव्हता. मग मोडलं का?

रेशा कहाँ जा रहा है?

मोडलेला तुकडा आणि जुना काढून ठेवलेला भाग असे दोन्ही गोणपाटात गुंडाळून मी ओशिवऱ्याला निघाले. जोगेश्वरी पश्चिमेला रिलीफ रोडच्या आसपास फर्निचरची दुकानं आणि कारखाने आहेत, जुन्या फर्निचरची दुरुस्तीही तिथे होते. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो. स्कॅनरवर सिक्युरिटीवाल्या ताईंनी थांबवलं, "ये क्या है?" मी म्हटलं, "कुर्सी का हाथ." त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी फक्त व्हायव्हात पाहिली आहे.

चार दुकानांनी "नया ले लो" म्हणून वाटेला लावलं. पाचव्या ठिकाणी एक म्हातारे मिस्त्री रंधा मारत होते. त्यांनी मोडलेला तुकडा हातात घेतला आणि जिथे मोडला ती जागा मला दाखवली. एरवी लाकूड मोडलं की चिरफाळ्या निघतात, दातेरी टोकं दिसतात. इथे तसं काहीच नव्हतं. सुरीने तिरका कापावा तसा गुळगुळीत, तिरपा भेग. मिस्त्रींनी पेन्सिलने त्या तुकड्यावर लाकडाच्या रेघा गडद केल्या आणि म्हणाले, "पीस तो एक है बेटा, लेकिन रेशा कहाँ जा रहा है, देखो."

ते 'रेशा' म्हणत होते, म्हणजे धागा. मला आधी 'रेषा' ऐकू आलं. खरं तर दोन्ही एकच. वर दिसते ती रेषा, आत असतो तो धागा. माझ्या अखंड तुकड्यात वळण वळत होतं, पण रेघा सरळच जात होत्या. वळणाच्या मध्यावर रेघ वळणाबरोबर होती, आणि दोन्ही टोकांना रेघ आडवी जाऊन कडेला संपत होती. नेमका तिथेच तो मोडला होता.

मग त्यांनी जुना भाग गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. जुन्या कामात सरस वापरलेला असतो, तो जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात आणि ओल्या उष्णतेने सैल होतो. अर्ध्या तासाने तुकडे हळूहळू सुटे झाले. तीन थर. प्रत्येक थरात वळणाचे छोटे तुकडे, आणि एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येऊ दिलेला नाही. भिंतीत विटा रचतात तसं. ज्याला मी फसवणूक समजले होते ती कारागिरी होती. सांधा सुटला होता तो इतक्या वर्षांच्या दमट हवेने सरस खाल्ला म्हणून.

आता जरा गणित

लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या लांब नळ्यांची जुडी समजा. हातात स्ट्रॉची जुडी धरा. लांबीच्या दिशेने ओढली तर तुटत नाही, पण आडवी फाकवली तर लगेच सुटते. लाकडाची उभी ताणशक्ती आणि आडवी ताणशक्ती यांत प्रचंड फरक असतो. जातीप्रमाणे आकडा बदलतो, पण आडवी ताकद उभीच्या साधारण विसावा हिस्सा धरली तर फार चूक होत नाही.

मग रेघ तिरकी असेल तर? यासाठी हँकिन्सनचं सूत्र वापरतात. १९२१ साली स्प्रूस लाकूड वेगवेगळ्या कोनांत दाबून केलेल्या प्रयोगांतून ते आलं. पुढे ते ताणासाठीही वापरलं जाऊ लागलं. उभ्या ताकदीला 'उ' आणि आडव्या ताकदीला 'आ' म्हणू. रेघ आणि बल यांच्यातला कोन थीटा. मग,

तिरकी ताकद = (उ × आ) ÷ (उ × साइन वर्ग थीटा + आ × कॉस वर्ग थीटा)

उ = २० आणि आ = १ घालून पाहा. सरळ रेघेच्या लाकडाची ताकद १०० धरली तर:

५ अंश तिरकी रेघ – सुमारे ८७
१० अंश – सुमारे ६४
१५ अंश – सुमारे ४४
३० अंश – सुमारे १७
४५ अंश – जेमतेम ९.५

पहिल्यांदा हे आकडे काढले तेव्हा मी कॅल्क्युलेटर दोनदा तपासला. नुसत्या पंधरा अंशांत निम्म्याहून जास्त ताकद गेली!

आता माझा तुकडा. पाव वर्तुळ म्हणजे ९० अंश. सरळ रेघेच्या फळीतून कापलं की मध्यावर रेघ वळणाला समांतर, आणि टोकाला निम्मा कोन, म्हणजे ४५ अंश. अखंड, जोडविरहित, पॉलिश केलेला माझा हात टोकाला साडेनऊ टक्क्यांवर उभा होता. आजोबांनी पुढच्या टोकावर जोर दिला, खांब तरफेच्या टेकूसारखा झाला, मागचं वळण उचललं गेलं आणि सगळा ताण त्या टोकावर आला. मोडणार नाही तर काय होईल?

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: वळणाचा एक तुकडा जितक्या अंशांचा, त्याच्या निम्म्या अंशांनी टोकाची रेघ तिरकी. ९० अंशांचे तीन तुकडे केले तर प्रत्येक ३० अंशांचा आणि टोकाला फक्त १५ अंश. लेखाच्या नावातलं गणित ते हेच.

वळणाच्या पाच वाटा

लाकूड वळवायच्या जितक्या पद्धती आहेत, त्या सगळ्या याच एका प्रश्नाची उत्तरं आहेत: रेघ वळणाबरोबर कशी न्यायची?

पहिली वाट – सरळ कापून काढणे. वळण हलकं असेल तर हे चालतं. खुर्चीचे मागचे पाय जरा मागे झुकलेले असतात, ते असेच कापतात. फक्त फळीवर आकार ठेवताना लाकूड वाचवायचं नाही, रेघ वाचवायची. तीव्र वळण कापून काढायचं तर लाकूड जाड हवं. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवीचं कोरीव फर्निचर बनायचं, ते 'बॉम्बे ब्लॅकवूड' नावाने ओळखलं जातं. त्यातले भाग जाडजूड दिसतात ते केवळ श्रीमंती दाखवायला नव्हे, एवढं कोरायचं आणि वळवायचं तर मांस लागतंच.

दुसरी वाट – निसर्गाने वळवलेलं लाकूड शोधणे. फांदी जिथे फुटते तिथे धागाही आपोआप वळलेला असतो. आपल्याकडे जुना लाकडी नांगर अशाच वाकड्या बाभळीच्या तुकड्यातून करत. पश्चिम किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या आतल्या बरगड्यांसाठीही मुद्दाम वाकडं झाड निवडत. आपल्या वर्सोव्याला किंवा मढला जुनी लाकडी होडी दिसली तर आत डोकावून बघा.

तिसरी वाट – छोटे तुकडे जोडणे. याचं उदाहरण मला आजोबांनी प्लास्टरमधल्या हाताने हवेत आकृती काढत सांगितलं. ते मूळचे सातारा जिल्ह्यातले. लहानपणी त्यांनी सुताराकडे बैलगाडीचं चाक होताना पाहिलंय. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि बाहेरचा परीघ वाकड्या तुकड्यांचा, ज्यांना ते पाटे म्हणतात. बारा आऱ्यांच्या चाकात सहा पाटे, म्हणजे एकेक ६० अंशांचा. मी लगेच हिशोब केला, टोकाला ३० अंश, ताकद १७ टक्के! "मग चाक मोडत का नाही?" आजोबा हसले. "अगं, धाव असते ना वर!"

धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. ती चाकापेक्षा किंचित लहान करतात, भट्टीत तापवतात, फुगली की चाकावर चढवतात आणि लगेच पाणी ओततात. चार फूट व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे ३.८ मीटर. लोखंड ४०० अंश सेल्सिअसने तापलं तर ती पट्टी जवळजवळ १८ मिलिमीटरने वाढते. थंड होताना ती आवळते आणि सगळे पाटे एकमेकांवर दाबले जातात. लाकडाला आडवा ताण सोसत नाही ना? मग ताणच येऊ द्यायचा नाही, कायम दाबात ठेवायचं! आपण ज्याला प्रीस्ट्रेसिंग म्हणतो आणि ज्यावर दहा मार्कांचा प्रश्न येतो, ते आजोबांच्या गावचा सुतार शेणीच्या जाळावर करत होता.

आणि थरांचं उदाहरण तर आपल्या मुंबईचंच आहे. १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली 'ट्रिंकोमाली' नावाची सागवानी युद्धनौका बांधली गेली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. त्या काळातल्या अशा मोठ्या जहाजांच्या बरगड्या एका लाकडाच्या नसत. तुकड्यांचे दोन थर शेजारी शेजारी, आणि एकाचा सांधा दुसऱ्याच्या मध्यावर. आजोबांच्या खुर्चीत होतं तेच, फक्त फार मोठं.

चौथी वाट – वाफ. इराणी हॉटेलातली गोल पाठीची खुर्ची सगळ्यांनी पाहिली असेल. त्या घाटाचा जनक मायकेल थोनेट. जन्म जर्मनीतल्या बोपार्डचा, नाव झालं व्हिएन्नात. १८५६ मध्ये त्याला अस्सल लाकूड वाकवण्याचं पेटंट मिळालं आणि १८५९ मध्ये त्याची चौदा नंबरची खुर्ची आली: सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. एक घनमीटरच्या खोक्यात सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या मावत. १९३० पर्यंत अशा सुमारे पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या असं सांगतात.

यातली गंमत इंजिनिअरिंगची आहे. पट्टी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. २५ मिलिमीटर जाडीची पट्टी आतल्या २०० मिलिमीटर त्रिज्येत वाकवायची तर बाहेरच्या बाजूला जवळजवळ ६ टक्के ताण येतो. लाकूड एक-दोन टक्क्यांतच तुटतं. वाफेने ते मऊ होतं, पण फक्त दाबाच्या बाबतीत. वाफवलेलं लाकूड वीस टक्क्यांपर्यंतही दबून घेतं, ताणलं मात्र फारसं जात नाही. म्हणून थोनेटने पट्टीच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टा लावला आणि दोन्ही टोकं घट्ट अडवली. आता बाहेरचा धागा लांबूच शकत नाही. सगळं लाकूड दाबात जातं, सुमारे ११ टक्के, आणि ते त्याला झेपतं. बघा, पुन्हा तेच: ताण नको, दाब चालेल.

वाफेचा ढोबळ नियम म्हणजे एक इंच जाडीला एक तास. पण प्रत्येक लाकूड ऐकत नाही. बीच, अॅश ही झाडं उत्तम वाकतात. आपल्याकडे हॉकी स्टिकसाठी तुतीचं लाकूड वाफेवर वाकवतात. सागवान या बाबतीत मध्यम, आणि भट्टीत पूर्ण सुकवलेलं लाकूड तर जवळजवळ नकारच देतं.

पाचवी वाट – पातळ पट्ट्या. जाडी कमी केली की ताणही कमी. तीच २०० मिलिमीटर त्रिज्या, पण पट्टी फक्त ३ मिलिमीटरची, तर ताण ०.७४ टक्के. कोरडं लाकूडही वाकेल. अशा आठ पट्ट्यांना गोंद लावून साच्यावर आवळायचं, सुकलं की २४ मिलिमीटर जाडीचा वळलेला भाग तयार. साच्यातून काढल्यावर तो थोडा उलगडतो, त्याचाही हिशोब आहे. सुट्या पट्ट्यांचा एकूण ताठपणा एकसंध लाकडाच्या मानाने पट्ट्यांच्या संख्येच्या वर्गाने कमी असतो. आठ पट्ट्या म्हणजे चौसष्टावा हिस्सा. त्यामुळे उलगडणंही त्याच प्रमाणात, अगदी थोडं. इथे गोंद मात्र कडक वाळणारा हवा. साधा पांढरा गोंद कायमच्या ताणाखाली हळूहळू सरकतो.

आणि तिरकं?

वळणाइतकाच दुसरा त्रास कोनांचा. तुम्ही बसलेल्या खुर्चीची सीट नीट पाहा. ती बहुतेक वेळा चौकोनी नसते, पुढे रुंद आणि मागे अरुंद असते. आजोबांच्या खुर्चीत पुढे ४५० मिलिमीटर, मागे ३८० आणि खोली ४००. म्हणजे प्रत्येक बाजूला ४०० मध्ये ३५ चा तिरकेपणा, टॅन इन्व्हर्स काढला तर ५ अंश. मग बाजूच्या पट्टीचं कुसू (आपला टेनन) काटकोनात कापून कसं चालेल? त्याचा खांदा ८५ अंशांत कापावा लागतो. पाच अंशांपर्यंत कुसूच तिरकं कापलं तरी चालतं, वरच्या तक्त्यात ८७ टक्के आहेत. कोन वाढला तर कुसू पट्टीच्या रेघेतच सरळ ठेवायचं आणि पायातली खाच तिरकी खणायची. कारण कुसवात रेघ तिरकी झाली की ते माझ्या हातासारखं मोडणार.

स्टुलाचे पाय तर दोन्ही बाजूंना फाकलेले असतात. समोरून १० अंश, बाजूनेही १० अंश. मी म्हटलं, मग खरा कोन २० असेल? नाही. दोन्हीच्या टॅनच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ: कोन येतो १४ अंश, आणि तो सीटच्या कर्णाच्या दिशेत. मिस्त्रींना टॅन माहीत नाही. ते सीटच्या खालच्या अंगाला कर्ण आखतात, त्या रेघेवर सरकता गुण्या उभा करतात आणि एकाच कोनात भोक पाडतात. माझं अर्ध्या पानाचं गणित त्यांनी एका पेन्सिलरेघेत संपवलं.

कोनांतली चूक गुणाकाराने वाढते हेही इथेच कळलं. बारा तुकड्यांची पूर्ण रिंग करायची तर चोवीस काप. प्रत्येक कापात फक्त अर्धा अंश चुकला तरी शेवटच्या सांध्यात १२ अंशांची फट! म्हणून मिस्त्री सगळे तुकडे आधी न चिकटवता जमिनीवर मांडून बघतात आणि शेवटचा तुकडा रंध्याने उतरवून बसवतात.

दुसरा हात

वाफेची सोय नाही, बाकीची खुर्ची तुकड्यांचीच आहे, म्हणून आम्ही जुनाच मार्ग धरला. चार रविवार लागले. प्रत्येक थर १२ मिलिमीटरचा, असे तीन. प्रत्येक तुकडा ३० अंशांचा, दोन्ही टोकं १५ अंशांत कापलेली. एका थराचा सांधा दुसऱ्यापासून १० अंश सरकवलेला. थराच्या टोकांना उरलेले लहान तुकडे. मजा म्हणजे माझ्या अखंड तुकड्याला पाच इंच रुंद फळी लागली होती, हे तुकडे अडीच इंचाच्या पट्टीतून निघाले. कारागिराने खरंच उरलेल्या लाकडात भागवलं असेल, पण ते बरोबर होतं!

थर तीन का, दोन का नाहीत, हेही मी विचारलं. मिस्त्री म्हणाले, "दो में आधा जाता है." हिशोब करून पाहिला. सांध्यापाशी एक थर कामातून गेला असं धरू. दोन थर असतील तर निम्मी जाडी उरते. वाकताना ताकद जाडीच्या वर्गावर जाते, म्हणजे पाव ताकद. तीनपैकी वरचा किंवा खालचा थर गेला तर दोन तृतीयांश जाडी, म्हणजे सुमारे ४४ टक्के. त्या जागी बाकीच्या दोन थरांतली रेघ फक्त ५ अंश तिरकी, म्हणून त्याचे ८७ टक्के. उत्तर साधारण ३९. सरळ लाकडाच्या मानाने कमीच, पण माझ्या अखंड तुकड्याच्या चौपट. सांध्यांनी भरलेला हात बिनजोड हातापेक्षा चौपट मजबूत! (गोंद नीट बसला असेल तर, हे गृहीत धरून.)

आणखी एक गोष्ट शिकले. लाकडाच्या टोकाला, म्हणजे जिथे धागे तुटलेले असतात तिथे, गोंद नीट धरत नाही. नळ्या तो पिऊन टाकतात. तुकड्यांची टोकं नुसती एकमेकांना चिकटवून काही उपयोग नाही. खरी पकड थरांच्या सपाट अंगांची. म्हणून ती अंगं रंध्याने इतकी साफ केली की दोन फळ्या एकत्र धरून उजेड पलीकडे दिसला नाही. मग फेव्हिकॉल, शिकंजे आणि रात्रभर हात लावायचा नाही. इथे पट्ट्या वाकवलेल्या नाहीत, त्यामुळे आत कायमचा ताण नाही आणि हा गोंद पुरतो.

हात बसवल्यावर आधी मी टोकावर जोर दिला. मग रूममेटला बोलावून तिला बसवलं. (ती म्हणते हे वाक्य काढ. मी काढणार नाही.) मग मिस्त्रींना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं: अंगठा. बस्स.

आजोबांचं प्लास्टर तोवर निघालं होतं, पण मूठ पूर्ण वळत नव्हती. रबरी चेंडू दाबायचा व्यायाम चालू होता. त्यांनी खुर्चीला हात फिरवला, चष्मा वर करून सांधे मोजले आणि म्हणाले, "हे आधीच्यासारखंच केलंस की." मी म्हटलं, "हो आजोबा. आधीचंच बरोबर होतं." ते बसले. थोडा वेळ पेपर वाचला. चहा आला तेव्हा उठले, पण उजव्या टोकावर तळहात टेकवून आधी दोनदा हलकेच दाबून पाहिलं, आणि मगच जोर दिला. अजूनही तसंच करतात. दर रविवारी मी ते बघते आणि काही बोलत नाही.

असो. लेख लांबला, जेवणाची बेल झाली. जाता जाता एक होमवर्क देते. रीडिंग हॉलमधल्या लाकडी खुर्च्यांपैकी एक उलटी करून बघा (लायब्ररीतल्या मॅडमची परवानगी काढून!). मागच्या पायाच्या वळणावर लाकडाची रेघ शोधा, आणि ती वळणाबरोबर जाते की मध्येच कडेला संपते ते पाहा. कडेला संपत असेल तर त्या खुर्चीत मागे रेलून झोका घेऊ नका, आणि मला नंबर कळवा. शिकंजे अजून माझ्याकडेच आहेत.